बारा काळांचा तक्ता तोंडपाठ, पण 'काल काय केलं' ते इंग्रजीत सांगता येत नाही

कपाशी
नमस्कार मंडळी. मी दारव्हा तालुक्यातल्या एका गावात राहते आणि संध्याकाळी ओट्यावर आजूबाजूच्या लेकरांची शिकवणी घेते. फी कोणी देते, कोणी वांगे-सांबार (कोथिंबीर) आणून देते, चालतं. अडचण इंग्रजीची आहे.

सोमवारी आठवीतल्या एका पोरीनं 'वॉक'चा तक्ता धडाधड म्हणून दाखवला. आय वॉक, आय ॲम वॉकिंग, आय हॅव वॉक्ड, ते पार 'आय शॅल हॅव बीन वॉकिंग'पर्यंत, मधे श्वास नाही. आदल्या दिवशी रविवार होता आणि ती आईसोबत वेचणीला गेली होती हे मला ठाऊक होतं. म्हणून सहज विचारलं, व्हॉट डिड यू डू येस्टरडे? बराच वेळ ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली आणि म्हणाली, 'येस्टरडे आय ॲम पिकिंग कॉटन.' म्हटलं बरं, भाऊ नव्हता आला ना? तसं सांग. 'माय ब्रदर डिड नॉट पिक्ड.'

पोरगी हुशार आहे, गणितात पहिली येते. शाळेत तक्ता भिंतीवर रंगवलेला आहे, तो रोज सगळे मिळून म्हणतात. 'गो', 'ईट' अशा वांड क्रियापदांचं मी एक वेळ समजू शकते, पण 'पिक', 'वॉक', 'प्ले' ही तर सरळ ई-डी लावायची. तिथंही हे होतं. तक्ता बंद करू का? की आधी कुठला काळ घेऊ? अनुभवी लोकांनी सांगा.

मोर्शीकर
तक्ता बंद करू नका ताई. मी सांगतो कारण. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. २००० साली ते मराठी शाळेत पहिलीपासून आलं, आम्ही त्याच्या आधीचे. पाचवीत एबीसीडी आणि दहावीत बोर्डाचा पेपर. घरात कोणाला इंग्रजीचा गंध नाही, दूरवर कोणी विचारायला नाही. तक्ता होता म्हणून निभावलं. आज संत्र्याच्या व्यापाऱ्याशी दिल्लीला फोनवर बोलतो तेव्हा तेच तक्ते कामी येतात.

पोट्टा_नंबर_वन
'आय शॅल हॅव बीन वॉकिंग' कोणाच्या बापानं वापरलं नाही म्हणणाऱ्यांसाठी: बाय नेक्स्ट दिवाळी, आय शॅल हॅव बीन वेटिंग फॉर द क्रॉप इन्शुरन्स फॉर टू इयर्स. हा काळ इंग्रजांनी खास आपल्यासाठीच बनवला हाय बाप्पा.

मोर्शीकर
😂 हे वाक्य भिंतीवर रंगवा.

हिंजवडीत_अडकलेला
मूळचा मेहकरचा, आता पुण्यात. माझं मत मोर्शीकरांच्या उलट.

बारा काळ हा आकडाच मुलांना घाबरवतो. नियमित क्रियापदाला इंग्रजीत रूपं किती? वॉक, वॉक्स, वॉकिंग, वॉक्ड. चार. एवढंच पाठ करायचं असतं. बाकी सगळं मदतनीस क्रियापदं करतात: ॲम-इज-आर, वॉज-वेअर, हॅव-हॅज-हॅड, विल. भविष्यकाळाला तर स्वतःचं रूपच नाही, मूळ रूपाआधी विल लावलं की झालं.

आता आपलं बघा. 'लावणे'चा नुसता साधा भूतकाळ घ्या. मी आंबा लावला, मिरची लावली, झाड लावलं, वेल लावले, केळी लावल्या. लावणारा मी एकटाच, पण क्रियापद बदलतंय ते काय लावलं त्यावर. इंग्रजीत या पाचांना मिळून एकच 'प्लांटेड'. हे सगळं तीन वर्षांचं पोरगं आईच्या कडेवर बसून शिकतं. त्याला चार रूपं जड जातात यावर माझा विश्वास नाही. जड जातो तो तक्ता.

एमपीएससी_पुन्हा
पण दादा, परीक्षेत 'काळ बदला' असा प्रश्न येतो. बोर्डात 'डू ॲज डायरेक्टेड' येतं. तिथं वाक्य दिलेलं असतं आणि पास्ट परफेक्ट करा म्हणतात. बोलता नाही आलं तरी मार्क मिळतात. आणि गावातल्या पोरांना मार्कांशिवाय बाहेर पडायला दुसरा रस्ता कुठला? पुण्यात बसून तक्ता फेका म्हणणं सोपं आहे.

हिंजवडीत_अडकलेला
फेका म्हटलं नाही, शेवटी आणा म्हटलं. आणि पुण्यात मी हौसेनं बसलेलो नाही.

मोर्शीकर
'शेवटी आणा' असं कुठं लिहिलंय तुमच्या पोस्टीत?

हिंजवडीत_अडकलेला
आता लिहिलं ना.

निवृत्त_मास्तर
जिल्हा परिषदेच्या शाळेत आयुष्य गेलं. वादात न पडता एका वेगळ्याच गोष्टीकडे लक्ष वेधतो, कारण धाग्यात सगळेच 'वॉक्ड' लिहीत आहेत.

उच्चार 'वॉक्ट' असा आहे. लिहिताना ई-डी, बोलताना शेवटी ट. तसंच पिक्ट, हेल्प्ट, वॉश्ट, लाफ्ट. उलट प्लेड, क्लीन्ड, ओपन्ड यांत ड. आणि वाँटिड, लोडिड, वीडिड यांत इड. लेकरं सरसकट 'वॉकेड', 'वॉशेड' म्हणतात, कारण त्यांना हे कोणी सांगतच नाही. मग इंग्रजी ऐकताना त्यांना भूतकाळ ऐकूच येत नाही. 'वॉक्ट'मधला तो ट कानावरून निघून जातो आणि त्यांना वाटतं समोरचा 'वॉक'च म्हणाला.

गंमत अशी की, याचा नियम आपल्या मराठी व्याकरणात आधीच शिकवलेला असतो. कठोर वर्ण आणि मृदू वर्ण आठवतात का? क, च, प, स, श, फ हे कठोर. क्रियापदाचा शेवटचा आवाज कठोर असेल तर ई-डीचा ट होतो. मृदू व्यंजन किंवा स्वर असेल तर ड राहतो. आणि शेवटी आधीच ट किंवा ड असेल तर दोन सारखे आवाज जिभेला एकत्र झेपत नाहीत, म्हणून मधे इ येते. आपल्या व्यंजनसंधीत 'विपद् + काल'चा 'विपत्काल' होतो ना, तिथंही कठोर वर्णाशेजारी मृदू वर्ण कठोर होतो. जीभ सगळीकडे सारखीच आळशी.

एक सावधगिरी: अक्षर पाहायचं नाही, आवाज ऐकायचा. 'लाफ'च्या स्पेलिंगात शेवटी जी-एच आहे, पण आवाज फचा, म्हणून लाफ्ट. 'प्लाउ'च्याही शेवटी तेच जी-एच, पण आवाज स्वराचा, म्हणून प्लाउड. फळ्यावर तीन रकाने करा, वर ट, ड, इड लिहा आणि लेकरांना क्रियापदं ओरडून रकान्यात टाकायला लावा. चिडीचूप बसणारी पोरंही ओरडतात.

पोट्टा_नंबर_वन
मास्तर, मग 'आय स्प्रेड द फील्ड' म्हंजे मी फवारलं का शेत पसरवलं?

निवृत्त_मास्तर
चांगला प्रश्न. फवारणीचा 'स्प्रे', त्याचा भूतकाळ ए लांबवून म्हणायचा. पसरण्याचा 'स्प्रेड' आखूड, आणि तो तिन्ही रूपांत तसाच राहतो. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात, कानाला वेगळे.

खामगाववाला
शेतीच्याच क्रियापदांवर शिकवा ना ताई. वॉक-टॉक काय करता. प्लाउ, वीड, स्प्रे, वॉटर, पिक, लोड, हार्वेस्ट, प्लांट, सगळी नियमित हायेत. पोरांनी हे सगळं हातानं केलेलं असते. वांड फक्त सेल, बाय, फीड, डिग. म्हंजे जिथं पैसा आला तिथं क्रियापद वाकडं झालं.

एमपीएससी_पुन्हा
पेरणे? 'सो'?

खामगाववाला
ते अर्धं सरळ अर्धं वाकडं. भूतकाळ 'सोड', तिसरं रूप 'सोन', पण तिथंही 'सोड' चालते.

पोट्टा_नंबर_वन
आय सोड सोयाबीन.
काहून सोडलं बे? भाव नाही म्हणून?

मोर्शीकर
सोयाबीनच्या भावावरून आठवलं, दारव्ह्याकडे वेचणीची मजुरी काय चालू आहे सध्या? आमच्याकडे कपाशी कमी, पण पाहुण्यांना पाहिजे माहिती.

कपाशी
मोर्शीकर भाऊ, मजुरीचा वेगळा धागा काढा, इथं सगळे तिकडंच वळतील. मास्तर, तीन रकान्यांचं फार आवडलं. पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे. तिला 'येस्टरडे' कळतं, 'पिक' माहीत आहे, 'पिक्ड'ही तक्त्यात येतं. मग तोंडून 'ॲम पिकिंग' का निघतं?

सासर_पुणे
कारण विदर्भात सगळेच 'राहून राहिलेले' असतात 😄 माझ्या सासूबाई अजून विचारतात, तुमचे बाबा 'जेवून राहिले' म्हणजे नक्की कुठे राहिले?

खामगाववाला
वहिनी, तुमच्या सासूबाईंना सांगा, जेवून राहिले म्हंजे जेवणं चालू हाय, अर्ध्यातून उठवू नका.

आता जरा गंभीर बोलतो. हसण्यावारी नेऊ नका, ताईच्या प्रश्नाचं उत्तर इथंच असू शकते. 'मी कापूस वेचतो' म्हंजे माझं कामच ते हाय, दरसाल. 'मी कापूस वेचून राहिलो' म्हंजे आत्ता, या घडीला, सरीत वाकून. वऱ्हाडी माणूस या दोन गोष्टी कधी एक करत नाही. इंग्रजीचं 'आय पिक' आणि 'आय ॲम पिकिंग' बरोब्बर हेच हाय. छापील मराठीत 'मी वेचतो' दोन्हीकडे चालून जाते, म्हणून तिकडच्या पोरांना हा फरक समजावून सांगावा लागते. आपल्या पोरांना तो दुधासोबत मिळाला. उद्याच्या कामालेही आपण 'उद्या नागपूरले जाऊन राहिलो' म्हणतो, इंग्रजीतही 'आय ॲम गोइंग टू नागपूर टुमॉरो' चालते.

माझ्या पुतण्याले मी एवढंच सांगितलं: जिथं 'राहिलो' तिथं 'ॲम' आणि 'आयएनजी'. 'राहिलो होतो' असंन तं 'वॉज'. एका बसणीत समजला.

हिंजवडीत_अडकलेला
खामगाववाले भाऊ, मस्त. पण याच्यातच खड्डा पण आहे. आपण 'मले समजून राहिलं', 'मले दिसून राहिलं', 'असं वाटून राहिलं' सर्रास म्हणतो. तेच इंग्रजीत नेलं की 'आय ॲम अंडरस्टँडिंग', 'आय ॲम सीइंग अ डॉग' होतं. समजणे, माहीत असणे, आवडणे, जवळ असणे यांना इंग्रजीत सहसा आयएनजी लागत नाही. माझ्या टीममध्ये निम्मे लोक 'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' म्हणतात आणि त्यात सगळे काही विदर्भातले नाहीत.

आणि ताईंच्या पोरीचं मला वेगळं कारण दिसतं. शाळेत इंग्रजी वाक्य म्हणजे आय-ॲम-काहीतरी-इंग, ही सवय पहिलीपासूनच लागते. 'आय ॲम सिटिंग', 'आय ॲम रीडिंग', चित्र पाहा आणि वाक्य बोला. घाबरल्यावर तोंडून तेच येतं जे सगळ्यात जास्त वेळा म्हटलंय.

खामगाववाला
हे मान्य.

तांड्यावरची_बाई
सगळे आपापल्या मराठीतून समजावत आहात, म्हणून लिहावंसं वाटलं. मी दिग्रसजवळच्या एका तांड्यावर शिकवते. माझ्या वर्गातली मुलं घरी गोरमाटी, म्हणजे बंजारा बोली, बोलतात. पहिलीत आली की मराठीच त्यांना नवी असते. तुमचा कठोर-मृदू नियम, 'राहिलो'ची युक्ती, छानच आहे, पण माझ्या मुलांना ती दोनदा ओलांडावी लागते. मेळघाटातल्या कोरकू मुलांचं आणि गडचिरोलीतल्या गोंडी बोलणाऱ्यांचंही वेगळं नसणार.

म्हणून मी भाषांतर जवळजवळ सोडलंच. एक मुलगा उठतो, दार उघडतो. उघडत असताना सगळे ओरडतात, 'ही इज ओपनिंग द डोअर.' दार उघडून तो हात बाजूला करतो, लगेच 'ही ओपन्ड द डोअर.' मग तो जागेवर बसून राहतो आणि सगळे म्हणतात, 'ही डिड नॉट ओपन द विंडो.' जम्प, क्लोज, वॉश, टच, क्लीन, काउंट, वर्गात करता येतील अशी नियमित क्रियापदं भरपूर आहेत. मुलं भूतकाळ आधी डोळ्यांनी पाहतात. तक्ता मी सातवीच्या शेवटी दाखवते. तेव्हा मुलंच म्हणतात, बाई, हे तर येते.

गोंधळ मात्र फार होतो. शेजारच्या वर्गाचे सर तक्रार करतात.

निवृत्त_मास्तर
बाई, आपल्याला नमस्कार. शेजारच्या सरांना सांगा, तेही क्रियापदच शिकत आहेत म्हणून.

कारकून_आठवा_मजला
नोकरीत रोज इंग्रजी अर्ज वाचतो, म्हणून दोन शब्द.

लोक लिहितात 'आय हॅव सबमिटेड द डॉक्युमेंट्स येस्टरडे'. येस्टरडे आलं की हॅव जायला पाहिजे. 'आय सबमिटेड येस्टरडे', किंवा वेळ न सांगता नुसतं 'आय हॅव सबमिटेड'. मराठीत 'मी काल कागद दिले आहेत' बिनधास्त चालतं, म्हणून ही चूक आपल्याला चूक वाटतच नाही.

दुसरं स्पेलिंग. 'सबमिट'ला ई-डी लावताना टी दोनदा, 'व्हिजिट'ला एकदाच. 'ट्रान्सफर'ला आर दोनदा, 'ऑफर'ला एकदाच. 'प्रिफर'ला परत दोनदा. मी आधी हे सगळं पाठच करायचो. मग कळलं की, शब्दाच्या शेवटी एकच स्वर आणि त्यानंतर एकच व्यंजन असेल आणि जोर उच्चाराच्या शेवटच्या तुकड्यावर पडत असेल तर ते व्यंजन दुप्पट करायचं. सब-'मिट'वर जोर, 'व्हि'-जिटमध्ये पहिल्यावर. तसाच शेवट असलेले एकाच तुकड्याचे 'स्टॉप', 'प्लॅन' तर दुप्पटच, फक्त डब्ल्यू आणि एक्स कधी दुप्पट होत नाहीत, शोड आणि फिक्स्ट. 'कॅन्सल' आणि 'ट्रॅव्हल' मात्र नियम मोडतात. जोर पहिल्यावर असूनही आपण आणि ब्रिटिश एल दोनदा लिहितो, अमेरिकन एकदाच. मोबाइल लाल रेघ मारतो ती बहुतेक यामुळेच.

वाय शेवटी असेल तर त्याच्या आधीचं अक्षर बघा. व्यंजन असेल तर वायचा आय होतो, जसं 'स्टडी'. स्वर असेल तर वाय तसाच, जसं 'प्ले'.

पोट्टा_नंबर_वन
आठव्या मजल्यावर लिफ्ट चालू हाय का?

कारकून_आठवा_मजला
इट हॅज स्टॉप्ट.

एमपीएससी_पुन्हा
वाचनखूण साठवली. कारकून साहेब, हे क्लासवाल्यांनी कधी सांगितलं नाही, नुसती यादी दिली होती.

शेलूची_सून
माझा मुलगा साडेचार वर्षांचा, तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जातो. परवा म्हणाला, 'आजी गोएड टू शेत.' आणि 'आय ईटेड पोळी.' मी घाबरले, शाळा चुकीचं शिकवते की काय?

हिंजवडीत_अडकलेला
अजिबात घाबरू नका. ही उलट चांगली बातमी आहे. 'गोएड' त्याला कोणी शिकवलेलं नाही, म्हणजे ई-डीचा नियम त्याने स्वतःच पकडला आणि सगळीकडे लावून पाहतोय. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी आहे त्यांची मुलंही या वयात 'गोएड' म्हणतात आणि पुढे आपोआप 'वेंट'वर येतात. ओरडू नका, फक्त तुम्ही बोलताना म्हणा, 'येस, आजी वेंट टू शेत.'

निवृत्त_मास्तर
इंग्रजी भाषेनेही हेच केलं आहे. 'हेल्प'चा भूतकाळ एकेकाळी 'होल्प' होता, 'क्लाइम'चा 'क्लोम'. लोकांनी हळूहळू दोन्हींना ई-डी लावून टाकली आणि पुढं तेच शुद्ध ठरलं. आणि आज जे नवं क्रियापद येतं ते नियमितच येतं. 'गूगल'चं 'गूगल्ड' झालं, ते कोणाला विचारावं लागलं नाही.

मोर्शीकर
म्हणजे दोनशे वर्षं थांबलो तर 'गोएड' पण बरोबर होईल? मग शिकवणी कशाला, वाट पाहू.

पोट्टा_नंबर_वन
वुई शॅल हॅव बीन वेटिंग...

सासर_पुणे
शाळेत 'आय' आणि 'वुई'ला शॅल, बाकीच्यांना विल, असं घोकून घेतलं होतं आमच्याकडून. माझी मुलगी म्हणते तिच्या मॅडम सगळीकडे विलच लावतात. नक्की काय?

निवृत्त_मास्तर
आता सगळीकडे विल लावलं तरी चूक धरत नाहीत. शॅल 'शॅल वुई गो?' अशा विचारण्यात जिवंत आहे. आमच्या गुरुजींनी मात्र शॅल चुकलं म्हणून छडी दिलेली आहे, ती परत घेता येत नाही.

गणित_शिकवते
धागा छान भरकटला आहे, पण कपाशीताईंच्या दुसऱ्या वाक्याचं कोणी उत्तर दिलंच नाही. 'डिड नॉट पिक्ड'.

मी गणिताची, पण शाळेत शिक्षक कमी म्हणून इंग्रजीही माझ्याकडे आहे. मुलं हे का लिहितात ते मराठीत नकार करून बघा. 'मी गेलो' चं 'मी गेलो नाही'. 'तिने वेचला' चं 'तिने वेचला नाही'. क्रियापदाला हात लावायचा नाही, शेवटी नाही जोडायचं. म्हणून मूल 'पिक्ड'ला हात न लावता 'डिड नॉट' जोडतं. त्याच्या दृष्टीनं ते बरोबरच वागतंय.

आता मराठीचाच वर्तमानकाळ बघा. 'तो वेचतो' चं 'तो वेचतो नाही' होत नाही. 'तो वेचत नाही' होतं. 'ते वेचतात' चं 'ते वेचत नाहीत'. शेपूट क्रियापदावरून निघालं आणि 'नाही'ला जाऊन चिकटलं. इंग्रजी हेच करते, फक्त दोन्ही काळांत करते. 'ही पिक्स'मधला एस उचलला आणि डूला दिला, 'ही डज नॉट पिक'. 'ही पिक्ड'मधला ई-डी उचलला आणि डूला दिला, 'ही डिड नॉट पिक'. प्रश्न विचारतानाही तसंच, 'डिड ही पिक?' एका वाक्यात काळाचं शेपूट एकदाच. मी फळ्यावर खरोखर एस आणि ई-डी कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवते आणि मुलांना ती चिठ्ठी काढून 'डू'वर लावायला सांगते. चिठ्ठी एकच असल्यामुळे दोन ठिकाणी लावताच येत नाही.

तांड्यावरची_बाई
चिठ्ठी एकच! हे मी उद्याच करते. याला मराठी यायची पण गरज नाही.

हिंजवडीत_अडकलेला
'वेचत नाहीत'वालं मी आयुष्यात लक्षात घेतलं नव्हतं. टोपी काढली.

मोर्शीकर
मी अजूनही म्हणतो तक्ता पाहिजे. पण तक्त्यात नकार आणि प्रश्न नसतात हे खरं आहे. आमच्या भिंतीवरच्या तक्त्यात सगळी वाक्यं होकारार्थीच होती. बहुतेक म्हणूनच व्यापाऱ्याला नाही म्हणता येत नव्हतं.

कपाशी
उशिरा लिहिते आहे, मधे तूर सोंगणी होती आणि नेटही नव्हतं.

सगळं वाचून दोन आठवडे असं केलं. भिंतीवरचा तक्ता शाळेचा आहे, तो त्यांनी म्हणू दे. माझ्या ओट्यावर फक्त 'रोज' आणि 'काल'. घरून आल्या आल्या प्रत्येकानं काल केलेल्या दोन गोष्टी आणि न केलेली एक गोष्ट सांगायची. तीन रकाने आणि चिठ्ठी, दोन्ही वापरलं. पोरांना 'काल केलं नाही' सांगायला फार मजा येते. कोणी 'आय डिड नॉट वॉश माय फेस', कोणी 'माय फादर डिड नॉट शाउट'. 'डिड'नंतर ई-डी लावणं बरंच कमी झालं. 'ॲम पिकिंग' पण 'काल'च्या वाक्यातून गेलं, अधूनमधून येतं.

'रोज'मध्ये मात्र अडकले. 'माय मदर कुक एव्हरी डे', 'ही प्ले'. एस कोणी लावतच नाही. चिठ्ठी 'डज'वर बरोबर चिकटवतात, पण साध्या वाक्यात एस गायब. आणि एमपीएससी भाऊ, तुमच्यासाठी: दहावीच्या दोघांना मी पूर्ण तक्ता देतेच आहे, वेगळा वेळ काढून.

एमपीएससी_पुन्हा
🙏

गणित_शिकवते
एस सगळ्यात शेवटी बसतो ताई, नियम येऊनही तोंडात येत नाही. घाई करू नका. नकारातून उलटं या. आधी 'शी डज नॉट कुक' म्हणायला लावा, मग 'नॉट' पुसा, 'डज' पुसा आणि विचारा, चिठ्ठी कुठं गेली? ती परत 'कुक'ला लावायला लागते.

निवृत्त_मास्तर
आणि एसलाही तेच तीन रकाने लागतात. कठोर वर्णानंतर स, कुक्स, वर्क्स. मृदू वर्ण किंवा स्वरानंतर झसारखा आवाज, प्लेझ, क्लीन्झ. आणि शेवटी स, श, च, ज असे आवाज असतील तर इझ, वॉशिझ, वॉचिझ. आधी ओरडायला लावा, मग लिहायला. लिहिताना चुकणारा एस बऱ्याचदा कानातच पोचलेला नसतो.

कपाशी
करून बघते. अजून एक, नववीतल्या पोरानं विचारलं आणि मी सांगते म्हणून टाळलं. 'लाय' नियमित की अनियमित?

निवृत्त_मास्तर
दोन 'लाय' आहेत. खोटं बोलण्याचा नियमित, लाय, लाईड, लाईड. आडवं होण्याचा अनियमित, लाय, ले, लेन. आयएनजी लावताना दोन्हींचं स्पेलिंग एल वाय आय एन जी, आय-ईचा वाय होतो.

पोट्टा_नंबर_वन
म्हंजे खोटं बोलणारा सरळ आणि झोपणारा वाकडा.

खामगाववाला
पोट्ट्या, तू सकाळपासून या धाग्यावर हाय. ट्रॅक्टर कोण चालवून राहिला?

पोट्टा_नंबर_वन
बाबा. आय डिड नॉट आस्क हिम.